पंचेचाळीसच्या खाली

त्या सोमवारी सहावीच्या वर्गात एकोणीस मुले होती, वीस टॅब्लेट होते, छताला एक पंखा होता, वाशांवर तीन पाली होत्या, विज्ञानाचे पुस्तक एक होते आणि भिंत एकही नव्हती. आमच्या सवाई बेटावर भिंती घालून वारा अडवण्याचा खुळेपणा सहसा कोणी करत नाही. खांब उभे करायचे, वर छप्पर टाकायचे, की झाली शाळा. वर्गाला लागून देशी बदामाचे झाड होते आणि त्याच्या आडव्या फांदीला साखळीने टांगलेला मी होतो.

मित्रांनो, मी एक जुना गॅस सिलिंडर आहे. माझ्या पोटात आता गॅस नाही. तळही नाही. तरी मला भंगारात मोजू नका, कारण एके काळी आमच्या या फालेलुपे गावात माझ्याइतका दरारा फक्त पाद्रीबाबांचा होता, आणि तोही रविवारपुरताच.

माझा जन्म समुद्रापलीकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाचा पत्रा तापवला, दाबला, वळवला आणि जोडला, की झालो मी. मग माझ्यात पाणी भरून जोराचा दाब दिला. मी फुटलो नाही. माझे शिक्षण एवढेच. पुढे आपिया शहरातल्या एका खानावळीत माझी नेमणूक झाली. नीरफणसाच्या चकत्या तळणाऱ्या कढईखाली मी इमानाने जळत राहिलो. खरे म्हणजे जळत होता तो गॅस. मी फक्त त्याला सांभाळत होतो. खाणारे मात्र स्वयंपाकिणीचे कौतुक करत. सिलिंडरला "वा" म्हणणारा माणूस मला अजून भेटायचा आहे.

खाऱ्या वाऱ्याने मला गंज धरला. तपासणीत माझ्यावर लाल फुली पडली. तेव्हा लेमालू नावाच्या एका तरण्याताठ्या गड्याने मला उचलले, बसच्या टपावर घातले, बोटीने सवाईला आणले आणि करवत घेऊन माझा तळ कापला. आत गॅसचा अंश उरला असेल म्हणून आधी त्याने मला पाण्याने काठोकाठ भरले होते. हे मुद्दाम सांगतो, कारण तुमच्यातला कोणीतरी आता घरचा सिलिंडर कापायला घेईल. घेऊ नका.

तळ गेला आणि माझी कड मोकळी झाली. मोकळी कड ठोक्याने थरथरते, ती थरथर आतल्या हवेला लागते आणि आवाज निघतो. लेमालूने बसच्या चाकाचा पाना माझ्या अंगावर हाणला तेव्हा आपल्याला गळा आहे हे मला पहिल्यांदा कळले.

त्या दिवसापासून मी गावाची घंटा झालो. आमच्याकडे रोज संध्याकाळी प्रार्थनेची वेळ असते. गाव तिला 'सा' म्हणते. पहिला ठोका पडला की हातातले काम टाकायचे, जवळच्या छपराखाली जायचे, मांडी घालायची, स्तोत्र म्हणायचे आणि प्रार्थना करायची. दुसरा ठोका पडेपर्यंत कोणी हलायचे नाही. रस्त्याच्या कडेला गावातली तरुण पोरे हाताची घडी घालून उभी राहतात. कोणी चालताना दिसला की गावसभा त्याला दंड करते. बस आली तर ती थांबते, गाणी बंद करते, आणि ड्रायव्हर टोपी काढून मांडीवर ठेवतो. एकदा रस्ता ओलांडणारी डुकरीण आणि तिची पिल्लेही थांबलेली मी पाहिली आहेत. पण हे एकदाच घडले, आणि एका नोंदीवरून मी निष्कर्ष काढत नाही.

अशी माझी भरभराटीची वर्षे गेली. लेमालूचे केस पिकले, तो गावाचा सरपंच झाला आणि सगळे त्याला आबा म्हणू लागले. आणि मग त्याच्या ऑकलंडच्या पुतण्यांनी नाताळला एक भोंगा पाठवला.

भोंगा चर्चच्या मनोऱ्यावर चढला. त्याच्यात एका मोठ्या शहरातल्या मोठ्या घंटेचा आवाज भरलेला होता. बटण दाबले की घंटा, पुन्हा दाबले की पुन्हा घंटा. लेमालू आबांना तो इतका आवडला की त्यांनी त्याला संध्याकाळपुरता ठेवला नाही. कोणाचे डुक्कर सुटले, कोणाचे मासे विकायचे राहिले, व्हॉलीबॉलचा सामना किती वाजता, तराहीच्या नातवाचा वाढदिवस, असे सगळे आबा भोंग्यावरून सांगू लागले. गावानेही मग त्याला ऐकायचे सोडून दिले. संध्याकाळी भोंग्यातली घंटा वाजे, तेव्हा लोक म्हणत, "थांब जरा, एवढा डाव होऊ दे." रस्त्यावरची पोरे हाताची घडी घालून जांभया देत.

मला कोणी उतरवले नाही. कोणाच्या लक्षातच राहिलो नाही. माझ्या पोटात गांधीलमाशांनी घर केले, आणि लेमालू आबांची बायको पेपे आजी माझ्या साखळीवर ओले पंचे वाळत घालू लागली. पूर्वी जिथून मी गावाला बसवत होतो, तिथून आता मी पंच्यांतले पाणी ठिबकताना मोजत होतो.

अशा वेळी ते वीस टॅब्लेट आले.

सहावीच्या बाई लांगिमाइना याच शाळेत शिकल्या होत्या. तेव्हाही विज्ञानाचे पुस्तक एकच होते आणि त्यातला पचनसंस्थेचा धडा उंदरांनी खाल्लेला होता. अन्न जठरातून पुढे कुठे जाते हे बाईंना कॉलेजात गेल्यावर कळले. या टॅब्लेटमध्ये मात्र जठर होते, आतडी होती, धडधडणारे हृदय होते आणि बोटाने फिरवता येणारा चंद्र होता. पहिल्याच दिवशी मुले हृदयाभोवती अशी गोळा झाली की मधली सुट्टी झालेली कोणाला कळली नाही.

टॅब्लेट देणाऱ्या संस्थेची मात्र एक अट होती. मुलांनी यंत्रात हरवून जाऊ नये म्हणून रोज तीन मिनिटे वर्गाने शांत, सावध बसायचे. 'शांत घटका' नावाचे ॲप त्यांना बसवील आणि वर्गातला आवाजही मोजील. सत्राच्या शेवटी संस्थेच्या रेपेका मॅडम येतील. तीन प्रयत्न मिळतील. त्यातल्या एकात तरी तीन मिनिटांची सरासरी पंचेचाळीस डेसिबलच्या खाली आली तर टॅब्लेट राहतील. नाही आली तर ते बोटीने दुसऱ्या बेटावरच्या शाळेत जातील. डेसिबल हे आवाजाचे माप. दोन माणसे समोरासमोर साधे बोलत असली तर साठाच्या आसपास भरते. ही अट ज्याने घातली त्याच्या खोलीला भिंती असणार.

'शांत घटका' उघडले की एक गोड आवाजाची बाई बोलू लागे. "डोळे मिटा. तुम्ही एका डोंगरावर आहात. सगळीकडे पांढरा बर्फ पसरला आहे."

"बाई," पेनियामिनाने विचारले, "बर्फ म्हणजे माशांच्या पेटीतला?"

"तोच. डोळे मीट."

"मग डोंगरावर मासे पण असतील."

"असतील. मीट डोळे."

सगळ्यांनी डोळे मिटले. मग तिउलिपे म्हणाली, "बाई, मला वास यायला लागला."

त्या दिवशी मोजमाप झाले नाही, कारण हसण्याला तीन मिनिटे पुरली नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्याहून मोठा घोटाळा झाला. गोड बाई म्हणाली, "आता दीर्घ श्वास आत घ्या," आणि इंटरनेट गेले. पडद्यावर एक गोल फिरत राहिला. आमच्याकडे मोठ्या माणसाने एखादे काम सांगितले की मोठ्या माणसाने थांब म्हणेपर्यंत ते करायचे असते. मुलांनी श्वास घेतला होता. सोडायला कोणी सांगितले नव्हते. एकोणीस जोड्या गाल फुगलेले होते आणि हळूहळू लाल होत होते. लांगिमाइना बाईंचे डोळे मिटलेले होते, त्यांना काहीच पत्ता नव्हता. शेवटी तिउलिपेने बाकावरच्या धुळीत बोटाने 'सोडू का' असे लिहिले आणि बाईंच्या पायाला पायाने ढोसले.

"अगं सोडा. सोडा सगळे."

एकोणीस तोंडांतून एकदम वारा सुटला. माझ्यावरचा पंचा हलला.

"बाई, हृदय दिसलं मला," पेनियामिना धापा टाकत म्हणाला. "टॅब्लेटमधलं नाही. माझंच."

पुढे मुले बसायला शिकली. पण आकडा साठाच्या खाली येईना. वर्ग गप्प असे, गाव गप्प नसे. कोंबडे आरवत, बायका नारळ खवत, बस गाणी वाजवत जाई, मैदानात क्रिकेटचा डाव रंगे, आणि या सगळ्यावर लेमालू आबा भोंग्यावरून सांगत की पिवळ्या बादलीचा मालक कोण आहे त्याने येऊन ती घेऊन जावी.

मग दोन दिवस आभाळ भरून आले. छपरावरच्या सौर पट्ट्यांना ऊन मिळाले नाही आणि टॅब्लेट सगळे मेले. तिसऱ्या दिवशी सकाळी लांगिमाइना बाईंची नजर माझ्यावर गेली. त्यांनी पंचे काढले, गांधीलमाशांना धूर दिला आणि कोपऱ्यात पडलेला चाकाचा पाना शोधून आणला. त्यांना वाटले, भोंगा आल्यापासून हे नुसते लोखंड आहे. त्यांना कशाला दोष द्यायचा, मलाही तसेच वाटू लागले होते.

"डोळे मिटा," त्या मुलांना म्हणाल्या. "मी एकदा ठोका देते. आवाज कमी कमी होत जाईल. तो संपला असं ज्याला वाटेल त्यानं हात वर करायचा. बोलायचं नाही."

आणि त्यांनी मला ठोकले.

मित्रांनो, इतक्या दिवसांनी अंगावर पाना पडला तेव्हा काय वाटले ते सांगत नाही. मी वाजलो. आवाज छपराखालून, बदामाच्या पानांतून, सगळ्या गावावरून गेला. पेनियामिनाचा हात पहिला वर झाला. मग एकेक हात वर होत गेला. तिउलिपेचा हात सगळ्यांत शेवटी.

"कधीच संपला होता," पेनियामिना म्हणाला. "ही उगाच शहाणी बनते."

"तुझ्यापुरता संपला असेल."

"थांबा," बाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उजळला होता. "संपल्यावर काय ऐकू आलं ते सांगा."

एकाला खडकांवर फुटणाऱ्या लाटा ऐकू आल्या होत्या. एकीला वाशावर पालीची पावले. तिउलिपेला पेनियामिनाचे पोट. मुले सांगत गेली, बाई विचारत गेल्या, आणि बोलता बोलता कोणीतरी म्हणाले, "आज गावात क्रिकेट नाही, नुसती स्तोत्रं कशी? कोण वारलं का?"

मी उंचावर होतो. मला सगळे दिसत होते. सकाळचे दहा वाजले होते आणि फालेलुपे गाव सा पाळत बसले होते.

बस जागच्या जागी थांबली होती. ड्रायव्हरची टोपी मांडीवर होती. मागच्या बाकावरची एक बाई मांडीवरच्या माशांच्या टोपलीवर हात ठेवून डोळे मिटून बसली होती. अळकुड्यांच्या शेतातून पोरे धावत आली आणि रस्त्याच्या कडेला, पायाला चिखल तसाच, हाताची घडी घालून उभी राहिली. कोणाच्या दगडी भट्टीतून धूर निघत होता आणि भट्टीवर पाने टाकायला कोणी उठत नव्हते. घराघरांतून स्तोत्र चालू होते. आता फक्त दुसरा ठोका पडायचा होता. आणि दुसरा ठोका द्यायचा हे वर्गात कोणाच्या मनातच नव्हते.

गावाने एक स्तोत्र म्हटले. दुसरे म्हटले. पाद्रीबाबांनी आजाऱ्यांसाठी प्रार्थना केली, मग प्रवाशांसाठी, मग समुद्रावर गेलेल्यांसाठी, मग समुद्रासाठी. त्यांचा आवाज बसला. बसमधल्यांची बोट चुकली. लेमालू आबा आपल्या घरात मांडी घालून बसले होते. ठोका पडला तेव्हा ते नळाखाली होते, त्यामुळे त्यांच्या डोक्यावर साबण होता आणि तो हळूहळू वाळत होता. त्यांचे घर शाळेच्या कुंपणाला लागूनच आहे, म्हणून पुढचे बोलणे मी ऐकले.

"अहो," पेपे आजी डोळे न उघडता म्हणाली, "जाऊन बघा ना, दुसरा ठोका कोण देतंय ते."

"मी कसा जाऊ? रस्त्यावरची पोरं मला दंड करतील."

"तुम्ही सरपंच आहात."

"म्हणून तर जास्त करतील."

"मग बसा साबण लावून. मी आपली चौथं स्तोत्र घेते."

शेवटी आबा मागच्या कुंपणातून, जास्वंदीच्या आडून, हातापायांवर रांगत शाळेकडे आले. डोके पांढरेफटक, लुंगीला काटे. वर्गात मुले पालीच्या पावलांवर वाद घालत होती.

"कोण वारलं?" आबांनी विचारले.

"कोणी नाही, आबा," लांगिमाइना बाई म्हणाल्या. "तुमच्या डोक्याला काय झालं?"

"माझ्या डोक्याचं नंतर. ही घंटा कशाला दिलीस?"

"मुलांना शांत बसवायला."

"पोरी, मुलं तेवढी बोलतायत. बाकी सगळं गाव शांत बसलंय. बस बसलीय, बोट गेलीय, तराहीच्या भट्टीतलं डुक्कर कोळसा झालंय. आधी दुसरा ठोका दे."

बाईंनी तोंडावर हात ठेवला. मग त्यांनी दुसरा ठोका दिला. सगळे गाव एकदम बोलायला लागले. त्यात बस ड्रायव्हर सगळ्यांत जास्त बोलला.

गावसभा बसली. लांगिमाइना बाईंना एका मोठ्या डुकराचा दंड झाला. प्रार्थनेचा आवाज वेळीअवेळी काढायचा नाही, गावसभेच्या परवानगीशिवाय माझ्याकडे कोणी पाना घेऊन जायचे नाही, असे ठरले. मला पोत्यात गुंडाळून सुतळीने बांधले. बांधताना पेपे आजी सहज म्हणाली, "भोंग्यानं असं कधी झालं नाही, नाही का." आबांनी गाठ जरा जास्तच आवळली.

पोत्यात दिसत नाही, पण ऐकू सगळे येते. पुढचे दिवस मी ऐकत काढले. बाईंनी ॲपमधल्या गोड बाईला रजा दिली आणि आवाज मोजणारा भाग तेवढा ठेवला. त्यात आवाजाची रेघ दिसते. आवाज वाढला की रेघ उडते, कमी झाला की बसते. त्या रोज एक बारीकसा आवाज काढत. करवंटीवर टिचकी, पेन्सिल पडणे, पान चुरगळणे. मुले डोळे मिटून तो संपेपर्यंत ऐकत, मग डोळे उघडून रेघेशी पडताळून बघत. पैज लागे, की यंत्राला सापडणार नाही पण आपल्याला ऐकू येईल असा आवाज कोण शोधतो. तिउलिपेने मुंगी कागदावरून चालवली. पेनियामिनाने पापण्या मिटायचा आवाज आणल्याचा दावा केला, तो वर्गाने फेटाळला. पण सगळ्यांनी एकमेकांच्या पापण्यांजवळ कान नेऊन पाहिले, आणि तेवढा वेळ वर्ग असा शांत होता की मला माझ्या आतल्या गंजाचा कण पडलेला ऐकू आला.

वर्ग तयार झाला. गाव तसेच होते. बाईंनी तीनदा गावसभेकडे जाऊन एका सकाळपुरती शांतता मागितली. लेमालू आबा म्हणाले, "भोंगा आहे ना. मी सांगतो सगळ्यांना. तू काळजी करू नकोस."

रेपेका मॅडम आल्या. पोत्यातून जे दिसले नाही ते मी नंतर मुलांकडून ऐकले. गळ्यात फुलांची माळ पडली, नारळाचे पाणी झाले. लेमालू आबा पांढरा सदरा घालून मागच्या चटईवर बसले. पंखा बंद केला. टॅब्लेट मधोमध ठेवला. तीन मिनिटे एकोणीस मुले अशी बसली की मला ती गेली की काय असे वाटले.

"छप्पन्न," मॅडम म्हणाल्या. "मुलं फार छान बसली. पण ते कोंबडे, आणि क्रिकेट. मला आकडाच लिहावा लागतो, बाई."

"मी बघतो," आबा म्हणाले आणि उठून चर्चकडे गेले.

दुसरा प्रयत्न सुरू झाला तसा भोंगा किंचाळला. मग आबांचा आवाज आला. "फालेलुपेकरांनो, शाळेत आवाज मोजत आहेत. तरी कृपया शांत राहा."

"काय म्हणतोय?" रस्त्यापलीकडून कोणीतरी ओरडून विचारले.

"बादली सापडली म्हणतोय."

"कोणाची?"

"ऐकू आलं नाही. अहो आबा, परत सांगा."

आबांनी परत सांगितले. अधिक मोठ्याने सांगितले. पिवळ्या बादलीचा मालकही येऊन पोचला.

"एक्काहत्तर," मॅडम हळूच म्हणाल्या.

पेनियामिनाने समोरचा टॅब्लेट हळूच जवळ ओढला, हृदय उघडले आणि धडधडू दिले. लांगिमाइना बाईंनी ते पाहिले आणि छपराकडे बघितले. एक प्रयत्न उरला होता, आणि दुपारची बोट टॅब्लेट नेण्यासाठी सांगून ठेवलेली होती.

लेमालू आबा परत आले. चटईवर बसले नाहीत. बदामाखाली उभे राहिले.

"किती झालं?"

"एक्काहत्तर, आबा."

"माझ्यामुळे?"

पेपे आजी तिच्या ओट्यावरून बोलली. "तुमच्यामुळे नाही हो. भोंग्यामुळे. तुम्ही नुसते त्याच्या आत होता."

आबांनी सुतळी सोडायला घेतली. स्वतःच आवळलेली गाठ सुटेना, तेव्हा दाताने सोडवली. पोते खाली पडले आणि मला उजेड दिसला.

"आबा, दंड होईल," लांगिमाइना बाई म्हणाल्या.

"होऊ दे. एक डुक्कर माझ्या नावावर लिहा. आणि मी नुसता ठोका देणार नाहीये, प्रार्थना पण करणार आहे. मग वेळीअवेळी कशी झाली?" त्यांनी पाना उचलला. "पोरांच्यासाठी करतो. चालेल ना पाद्रीबाबांना?"

त्यांनी मला ठोकले, आणि ठोकून जिथे उभे होते तिथेच, पांढऱ्या सदऱ्यानिशी, मातीत मांडी घातली.

मी वाजत असताना गाव बसत गेले. क्रिकेटचा चेंडू घरंगळत एका घराशी थांबला, त्याच्यामागे कोणी गेले नाही. खवणी थांबली. बसची गाणी मध्येच तुटली. पोरे धावत रस्त्याला आली आणि त्यांतल्या एकानेही जांभई दिली नाही. कोंबड्यांना गावसभेचा नियम लागू नसतो, पण पेपे आजीने आपला कोंबडा उचलला, त्याचे डोके त्याच्याच पंखाखाली घातले आणि त्याला मांडीवर घेऊन डोळे मिटले. तिचे पाहून शेजारणीने आपला उचलला. भोंग्यामुळे गावाला स्तोत्र घसा फोडून म्हणायची सवय लागली होती. त्या दिवशी का कोण जाणे, ते ओठांतल्या ओठांत म्हणत होते.

माझा आवाज विरत गेला. पेनियामिनाचा हात वर झाला. मग बाकीचे. तिउलिपेचा झाला. आता मोजायला सुरुवात व्हायची होती आणि बटण दाबायला कोणी नव्हते, कारण रेपेका मॅडमही याच बेटांवर वाढलेल्या होत्या. ठोका ऐकताच त्यांनी पाय दुमडले होते, मान खाली घातली होती, आणि त्या प्रार्थनेत इतक्या बुडाल्या होत्या की आपण कशाला आलो हे विसरल्या होत्या. लांगिमाइना बाईंनी एक डोळा उघडला. बोलायची सोय नव्हती. त्यांनी चटईवरून हळूहळू हात सरकवला आणि मॅडमच्या कोपराला बोट लावले. मॅडमनी डोळे मिटूनच बटण दाबले.

लाटा खडकांवर येत होत्या आणि परत जात होत्या. बदामाचे एक पान गळून पडताना दोन फांद्यांना लागले. मुले ऐकत होती. बसवले म्हणून बसलेली नव्हती, ऐकत होती. एवढ्या वर्षांत मी गावाला रोज गप्प केले, पण त्या शांततेत काय काय ऐकू येते ते मला या मुलांकडून कळले.

टॅब्लेट बारीकसा वाजला. तीन मिनिटे झाली. मॅडमनी आकडा पाहिला आणि बोलायला तोंड उघडले, तर लेमालू आबांनी ओठांवर बोट ठेवले. मग गुडघ्यांवर हात टेकून ते उठले आणि त्यांनी दुसरा ठोका दिला.

मित्रांनो, मला आता पोत्यात बांधत नाहीत. तुमच्याही शाळेच्या आवारात कुठेतरी माझ्यासारखे काहीतरी टांगलेले असेल. त्यावर पंचे वाळत घालायला हरकत नाही. पण अधूनमधून त्याला एक ठोका द्या आणि आवाज संपेपर्यंत थांबा. नव्या यंत्राला बाजूला बसवा, त्याला मोजू द्या. तुम्ही ऐका.

मॅडमनी जो आकडा लिहून घेतला तो असा. माझा आवाज विरल्यानंतर, पंखा बंद, भिंत नाही, माणसे बावीस, कोंबडे पंखाखाली, तीन मिनिटांची सरासरी: एकेचाळीस डेसिबल.